मार खाणारी पेटी

(कासुर्डी, १९९९ सालचा उन्हाळा, सकाळची वेळ. पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला जुना उभा पियानो. त्याच्या अंगाला डोकं टेकून पुतळाबाई तांदूळ निवडत बसल्या आहेत. त्यांचा नवरा म्हस्कू, सून सुवर्णा आणि करवत घेऊन आलेला केडगावचा सुतार जालिंदर.)

म्हस्कू : ...आन् आता पुढचं सांगितलं तर कुणी इस्वास ठिवणार न्हाई, म्हणून म्या आजवर कुणाला सांगितलंच न्हाई.

सुवर्णा : कुणाला म्हणजे? मामा, यवतच्या एस्टीत कंडक्टरला सांगून झालंय तुमचं. तो पुढच्या स्टॉपला उतरून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. जालिंदरभाऊ, तुम्ही लावा करवत.

म्हस्कू : लाव की. लाव. पर आधी मला एक सांग, जालिंदर. उसानं भरलेला ट्रक काट्यावर किती भरतो?

जालिंदर : भरतोय पंधरा-सोळा टन. का?

म्हस्कू : तेवढा ह्या पेटीत हाय.

जालिंदर : ऊस?

म्हस्कू : ऊस न्हाई रं येड्या, वढ! वढ हाय आत. सव्वादोनशे तारा हायेत. एकेक तार अशी ताणलीय, की जणू तिला एक जाणता गडी लोंबकळतोय. सव्वादोनशे गडी रात्रंदिस लोंबकळत्यात त्या खोक्यात, आन् तू तिथं करवत लावणार. लाव. म्या जरा वट्यावर जाऊन उभा ऱ्हातो.

जालिंदर : वहिनी, हे काय म्हंत्यात आबा?

सुवर्णा : लक्ष देऊ नका. कुरकुंभच्या माळावर लांडगा ह्यांना रामराम घालून गेला होता, ते ऐकलंय ना तुम्ही? तो लांडगा आणि हा ट्रक एकाच गावचे.

जालिंदर : तरी पण खालची फळी काढून बघतो. बघायला काय जातंय... आयला! वहिनी, आत तर सगळं वतीव लोखंड हाय. लाकडाच्या खोक्यात एवढी जाड लोखंडी चौकट कशाला घातली आसंल?

म्हस्कू : तारांनी लाकूड दुमडून घडी करू नये म्हणून. नुस्त्या सागाला त्यो ट्रक झेपंल व्हय? आन् त्यातली एक तार तुटली, तर चाबकागत येती. डिसाबाई सांगायच्या, त्यांच्या माहितीतल्या एकाचा गाल फाटला व्हता.

जालिंदर : मला सांगितलं, पेटी मोडायचीय. पेटी म्हंजी मी म्हणलं, भजनातली आसंल, थोडी मोठी. भाता काढायचा, फळ्या सोडवायच्या, तासाभराचं काम. ह्याचा भाता कुठाय?

म्हस्कू : ह्याला भाता न्हाई. ही पेटी दम घेत न्हाई, मार खाती.

सुवर्णा : झालं सुरू.

म्हस्कू : ती समोरची वरची फळी बी काढ. आता ती पांढरी पट्टी दाब, आन् आत बघ. दिसली का हातोडी? पट्टीच्या मागच्या टोकाला ती टेकलेली हाय. तू पट्टी दाबली की ती तारंवर फेकली जाती. फेकली, बरं का, दाबली न्हाई. तारंला लागायच्या जरा आधीच पट्टी तिला सोडून देती.

जालिंदर : सोडून देती, म्हंजी?

म्हस्कू : म्हंजी तुझं बोट पट्टीवर ऱ्हायलं तरी हातोडी मार देऊन माघारी. आता असं समज, म्या तुझ्या कानफटात मारली आन् हात तिथंच गालावर ठिवला. आवाज निघंल?

जालिंदर : निघंल की. माझा.

म्हस्कू : तुझा न्हाई, गालाचा! निघणार न्हाई. हात लगीच मागं आला पाहिजे, तवा फाडकन वाजतं. तसंच हे. हातोडी तारंवर बसून ऱ्हायली तर तार मुकी व्हईल. मारायचं आन् पळायचं, तरच गाणं.

सुवर्णा : मारून नामानिराळं व्हायचं. हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती, मामा.

म्हस्कू : आन् ही बघ, तारंवर लोकरीची गादी बसलीय बारकी. पट्टी दाबली की ती उठती. बोट उचललं की बसती, आन् आवाज तिथल्या तिथं गप.

सुवर्णा : अशी गादी माणसाला लावून मिळते का कुठं?

जालिंदर : आबा, ते समदं खरं आसंल, पण मला दुपारी केडगावात दुसरं काम हाय. वहिनी, ठरवा काय ते. वर काचंची दारं, मधी टीव्हीला कप्पा, खाली दोन ड्रॉवर, बाहेरनं सनमायका. एकदम कडक शोकेस व्हईल. लाकूड तर असलं हाय की आता बाजारात मिळायचं न्हाई.

सुवर्णा : ठरलेलंच आहे. जालिंदरभाऊ, मी तळेगाव ढमढेऱ्याहून ह्या घरात आले त्याला चार वर्षं झाली. माझं रुखवत अजून खोक्यात आहे. मण्यांचा राजहंस, काचेचे कप, मी स्वतः केलेला शंखांचा महाल. महालाचा एक मनोरा उंदरानं पाडला. आणि खोलीतली सगळ्यात चांगली भिंत कुणाला? तर जी कुणाला वाजवता येत नाही त्या पेटीला. ह्यांनीसुद्धा सांगितलंय, माझी ड्यूटी संपून मी यायच्या आत मोकळं करून टाक म्हणून.

म्हस्कू : बाळासोला काय कळतंय. त्यो कंपनीत पंपाचा आवाज ऐकून आलेला. ही पेटी माझ्यासाठी न्हाई ठिवली म्या. ती पुतळीसाठी हाय.

सुवर्णा : आत्यांसाठी? आत्यांना ऐकू कुठं येतंय?

म्हस्कू : म्हणूनच.

जालिंदर : काकींना ऐकू येत न्हाई? कधीपासनं?

सुवर्णा : दोन वर्षं होतील. चांगल्या ऐकत होत्या हो. आमच्या सोनमच्या बारशाला सगळी भावकी जमली होती. मामा पाहुण्यांना ह्याच पेटीची गोष्ट सांगत होते, पार शेवटची पंगत उठेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यांना चहाला हाक मारते, तर ओ नाही. तेव्हापासून ठार बहिऱ्या. दौंडला डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला कानात काही दोष दिसत नाही.

म्हस्कू : गारठा बाधला तिला त्या दिशी.

सुवर्णा : मे महिन्यात?

म्हस्कू : मे महिन्यातला गारठा फार वंगाळ. ते जाऊ दे. तवापासून तिला जगातलं काय बी ऐकू येत न्हाई, एवढी पेटी सोडून. म्या रोज दिवेलागणीला एक पट्टी दाबतो, आन् ती लाकडाला डोकं लावून ऐकती.

सुवर्णा : वाजवता ते मी पण बघते. पण मामा, कानानं ऐकू येत नाही आणि डोक्यानं येतं, हे एस्टीच्या कंडक्टरला सांगा.

म्हस्कू : का न्हाई येणार? तारंचा आवाज म्हंजी केवढा? तार सुतळीयेवढी बारीक. ती हवेला काय हलवणार? सुईनं ताक घुसळल्यागत. निस्ती तार वाजवली तर डासाची गुणगुण. पर ह्या पेटीच्या पाठीला एक फळी हाय, ही अशी दाराएवढी. तारा त्या फळीला धक्का देत्यात, फळी थरथरती, आन् ती समदी हवा ढकलती. फळी म्हंजी रवी. समजलं? आन् जी फळी हवा हलवती, ती टेकलेलं डोकं हलवणार न्हाई व्हय?

जालिंदर : लाकडातनं आवाज पोचतो, हे मात्र मी बी बघितलंय.

म्हस्कू : तुझ्याच हातात दाखला हाय. करवतीच्या पात्याला टिचकी मार.

जालिंदर : ही घ्या. टुंग. एवढुसाच.

म्हस्कू : आता मूठ पेटीला टेकव, घट्ट. आन् मार.

जालिंदर : ...आईच्यान! वहिनी, ऐकलं? करवत तीच, टिचकी तीच. पार घुमलं की!

सुवर्णा : ऐकलं. आणि आत्यांनी डोकं उचललं, ते पण बघितलं. थांबा... हाडातून आवाज जातो असं आमच्या पुस्तकात होतं खरं. बाहेरचा कान बंद असला तरी कवटीच्या हाडातून आतल्या कानाला पोचतो. बारावी सायन्सला होते मी.

म्हस्कू : बघ! माझ्यावर न्हाई तर पुस्तकावर तरी इस्वास ठिव.

सुवर्णा : पुस्तकात उसाचा ट्रक नव्हता.

जालिंदर : वहिनी, काकींच्या कानाचं आसंल तर मी न्हाई हात लावणार. शाप लागतो.

सुवर्णा : भाऊ, तुम्ही ट्रकला घाबरलात, शापाला नाही. बरं, माझं पण ऐका, मामा. मी काही राक्षसीण नाही. आत्यांना खरंच ह्याच्यातूनच ऐकू येत असेल, तर करवत लागणार नाही, माझं रुखवत राहू दे खोक्यात. पण ही तुमची नेहमीची थाप निघाली, तर आज संध्याकाळी इथं शोकेस उभी राहील, आणि तुम्ही स्वतः तिच्यात माझा राजहंस ठेवायचा.

म्हस्कू : कबूल. आयुष्यात खोटं बोललो न्हाई.

सुवर्णा : हेसुद्धा धरू का त्यात?

म्हस्कू : हे सोडून. आता नीट बघा दोघं बी. पुतळे! ए पुतळे! बघितलं? दगडाला बोललो. आता ही जाड सुराची पट्टी दाबतो, डावीकडची. ह्या तारांना तांब्याचा वेढा दिलेला असतो. तार जड झाली की सावकाश हलती, म्हशीगत, आन् सूर खाली जातो... झाली का मान हलवून?

जालिंदर : झाली! काकींनी मान डोलावली!

सुवर्णा : डोलावली खरी.

म्हस्कू : आता उजवीकडची. ह्या तारा आखूड, बारीक, शेरडाच्या करडागत थुईथुई. बारीक तार बिचारी एकटी पुरत न्हाई, म्हणून एका सुराला तीन-तीन दिल्यात... हलवली?

जालिंदर : हलवली. हसल्या बी जरा.

सुवर्णा : आता मात्र मला भीती वाटायला लागलीय. तुम्ही खरं बोलताय की काय?

म्हस्कू : अजून मोठं खरं हाय. सांगू? ही पेटी माणसाला ओ देती.

सुवर्णा : संपलं. चांगलं चाललं होतं.

म्हस्कू : जालिंदर, तो खालचा उजवा पायटा पायानं दाबून धर. त्यानं साऱ्या गाद्या एकदम उठल्या, समद्या तारा मोकळ्या. आता वरचं झाकण उघड, तोंड आत घाल आन् वरड.

जालिंदर : काय वरडू?

म्हस्कू : बायकूचं नाव घी. मोठ्यानं.

जालिंदर : लाज वाटती ओ, आबा... बरं. धुरपदाऽऽ!

म्हस्कू : गप! आता ऐक.

जालिंदर : ...आतनं कोण बोललं? आतनं आवाज आला! माझ्यासारखाच, लांबनं, विहिरीतनं आल्यागत. वहिनी, शप्पत!

सुवर्णा : मी पण ऐकलं.

जालिंदर : घरी एवढं वरडलो तरी धुरपदा ओ देत न्हाई. हिनं परक्या बाईनं दिली.

म्हस्कू : तुझ्या आवाजात जे जे सूर व्हते ना, तेवढ्याच सुरांच्या तारा जाग्या झाल्या. बाकीच्या निजल्यात. कुणी हात न लावता, निस्त्या हाकंनं.

सुवर्णा : अनुनाद. त्याला अनुनाद म्हणतात. परीक्षेला आला होता, मी सोडून दिला होता.

म्हस्कू : सोडून दिला, म्हणून मी खोटा ठरलो. मार्क तुझे गेले, अब्रू माझी गेली.

जालिंदर : वहिनी, मी तर म्हणतो, टीव्ही ह्याच्याच डोक्यावर ठिवा. आन् रुखवताला मी भिंतीत वरच्या अंगाला दोन फळ्या मारून देतो, कोपऱ्यात काच बी बसवतो. ह्याला हात नको.

सुवर्णा : सुताराला लाकूड मिळत असून तो नको म्हणतो, हे पहिल्यांदा बघितलं. बरं, मामा. ठेवा पेटी. ते ट्रकचं मला काही पटलेलं नाही, आणि ह्या घरात ओ देणारी ही एकटीच निघाली, ह्याचं मला नवल नाही. पण आत्यांचं आहे म्हणून ठेवा. भाऊ, करवत पिशवीत घाला.

म्हस्कू : गुणाची सून हाय माझी.

सुवर्णा : आता एवढं झालंच आहे तर खरं सांगा. मेंढरं राखणाऱ्या माणसाच्या घरात ही पेटी आली कशी? आणि साहेबानं घोड्यावरून आणून दिली, ते नको. ते बारशाला ऐकलंय.

म्हस्कू : घोडं पाहुण्यांसाठी व्हतं. खरं सांगतो. दौंडला रेल्वेच्या लायनीत डिसाबाई ऱ्हायच्या. त्यांचा मालक इंजिनावर ड्रायव्हर. म्या दौंडच्या बाजारात घोंगड्या घेऊन बसायचो. एक दिवस बाई आल्या, घोंगडीची लोकर बोटात धरून चोळ-चोळ चोळली आन् म्हणाल्या, मला घोंगडी नको, न विणलेली लोकर पाहिजे, मळून-दाबून चामड्यागत घट्ट केलेली. म्या म्हणलं, कशाला? तर मला घरी नेलं आन् ही पेटी दावली.

जालिंदर : काय झालं व्हतं पेटीला?

म्हस्कू : कसर लागली व्हती. त्या हातोडीच्या डोक्यावर लोकरीची टोपी असती, बघ. कसरीनं खाऊन समद्या टोप्या भुगा. लाकूडच जाऊन तारंवर आपटायचं. आवाज कसा, तर पत्र्यावर खडे फेकल्यागत. बाई वाजवायच्या आन् रडायच्या.

सुवर्णा : लोकरीनं एवढा फरक पडतो?

म्हस्कू : समदं लोकरीवरच हाय! तार काय, कुणी बी ताणंल. कडक डोकं तारंला लागलं तर ते चटकन उडतं, आन् तारंतली बारीक-बारीक किरकिर समदी बाहेर येती. मऊ डोकं तारंवर इवलंसं जास्त रेंगाळतं, ती किरकिर तिथंच मुरती, आन् गोड तेवढं ऱ्हातं. पर लई मऊ झालं तर सूर गोधडीत घातल्यागत. त्या दोन्हीच्या मधी कुठंतरी गाणं हाय.

जालिंदर : मग?

म्हस्कू : मग काय. काळ्या मेंढीची पहिली कातरण घितली. रिठ्याच्या ऊन पाण्यात भिजवली, मळली, लाटली, पुना भिजवली, पुना मळली. घट्ट पोळी झाली. कापून एकेका हातोडीला चिकटवली. बाईंनी वाजवून बघितलं, तर लई कडक! कानाला चावायला लागली. बाई म्हणाल्या, आता हिला सुईनं टोचून सैल करायची. तवा घोंगडी शिवायची दाभण काढली. एकेका टोपीला टोचायचं, वाजवायचं, ऐकायचं. परत टोचायचं. एक टोचा जादा पडला की त्यो सूर मेला.

सुवर्णा : सगळ्या हातोड्या?

म्हस्कू : समद्या. बोटं सुजली व्हती माझी. ह्याच हातानं टोचल्या, बघ. बाईंनी वाजवलं आन् त्यांचा मालक आतनं पळत आला, म्हणाला, नवी आणली का? पुढं त्या बंगलोरला लेकीकडं गेल्या, तवा म्हणाल्या, म्हस्कू, ह्यातला आवाज तुझा हाय, तूच ने.

जालिंदर : अंगावर काटा आला, आबा.

सुवर्णा : खरं सांगू, मामा? चार वर्षांत तुमचं मी काही म्हणता काही खरं धरलं नाही. लांडगा नाही, घोडं नाही, ट्रक तर नाहीच. पण ही लोकरीची एवढी एक गोष्ट मनाला पटते. मेंढरं तुमची, लोकर तुमची, हात त्याच कामात गेलेला. तिथं कशाला खोटं बोलाल?

जालिंदर : व्हय. लोकरीत आबा खोटं बोलायचा न्हाई.

पुतळाबाई : तेवढंच खोटं हाय, सुवर्णा. लोकर म्या मळली, दाभण बी म्याच मारली. ह्ये शेजारी बसून गोष्टी सांगत व्हते.